डोंगर नसलेल्या ज्वालामुखीला प्रदक्षिणा

दुपारी बारा वाजता तुम्ही होकायंत्र काढता. सुईचं लाल टोक दाखवतंय ती उत्तर. सूर्य बरोब्बर पाठीमागे, दक्षिणेला कललेला, थंडीच्या दिवसांत धुळ्याच्या आकाशात असतो तसाच. सगळं जागच्या जागी आहे असं समजून तुम्ही सॅकचे पट्टे आवळता आणि चालू लागता. संध्याकाळी तोच सूर्य होकायंत्राच्या पूर्वेला मावळायला लागतो.

घोटाळा असा, की दुपारचे दोन्ही साक्षीदार उलटे होते आणि म्हणूनच त्यांची साक्ष जुळली. तुम्ही सुमारे 6 कोटी 62 लाख वर्षं मागे आला आहात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या काळात उलटं आहे, म्हणून सुई दक्षिणेला उत्तर म्हणते. (दख्खनचा बराचसा कातळ याच काळात गोठला. त्यातल्या लोहयुक्त कणांनी ही उलटी दिशा अजून जपून ठेवली आहे आणि प्रयोगशाळेत ती वाचता येते.) दुसरं म्हणजे भारत अजून विषुववृत्ताच्या खाली आहे, मकरवृत्ताच्या आसपास. त्यामुळे माध्यान्हीचा सूर्य खऱ्या उत्तरेला असतो आणि थंडी जुलैत पडते. रात्री ध्रुव शोधण्यात अर्थ नाही. सप्तर्षीही नाहीत. दिवस साधारण साडेतेवीस तासांचा आहे आणि वर्षात असे 372 दिवस बसतात. त्या सुमाराच्या एका शिंपल्याच्या वाढीच्या रेषा मोजून शास्त्रज्ञांनी हा हिशोब काढला आहे. होकायंत्र सॅकच्या तळाशी ठेवून द्या. यापुढे वारा आणि नाक यांच्यावरच भिस्त ठेवायची आहे.

जागा म्हणाल तर साक्री आणि धुळ्याच्या मधली. पांझरा नदी नाही, लळिंगचा किल्ला नाही, आणि पश्चिमेला कितीही चाललात तरी कोकण लागणार नाही, समुद्रही नाही. भारताच्या त्या अंगाला सेशेल्सची जमीन अजून चिकटलेली आहे.

आल्या आल्या तुम्ही नजरेनं सुळका शोधू लागता. ही सवय जात नाही. सह्याद्रीत एखादा शंकूसारखा डोंगर दिसला की बरोबरचा कुणीतरी हमखास सांगतो, हेच ते ज्वालामुखीचं तोंड. लोणारच्या काठावर तर हे ठामपणे सांगणारे भेटतात. लोणार हे उल्केच्या आघातानं पडलेलं विवर आहे, आणि ते शंकू म्हणजे पावसानं कातरून उरलेले तुकडे. पण हे सगळं आपण घरी बसून बोलतो. इथं उघड्यावर, एकट्यानं उभं राहिल्यावर डोळे क्षितिजावर फुजीयामा शोधतातच. दिसते ती सपाट, किंचित लाटा असलेली, तांबूस मातीची जमीन. पामची झाडं, ओढ्याकाठी नेचे. आणि ईशान्येला (खऱ्या ईशान्येला) एक लांबलचक करडी भिंत. ती धुराची आहे.

तिच्याभोवती फिरून यायचं ठरवून तुम्ही निघता. देवळात उजवा हात देवाकडे ठेवून फिरतात, तसं फिरायचा विचार होता. वारा ते ठरवू देत नाही. वारा पाठीवर किंवा गालावर घेत चालायचं, समोरून कधीच नाही. काडी ओढल्यावर नाकात जो झणका जातो तो गंधकाच्या डायऑक्साइडचा. इथं तोच वायू मैलोन्‌मैल वाहतो आहे, आणि ओल्या डोळ्यांत, घशात, फुफ्फुसांत गेला की त्याचं आम्ल होतं. मास्क आहे, पण तो काही तासांपुरता.

सह्याद्रीत शिकलेलं बरंच काही इथं विसरावं लागतं. वाट चुकली तर ओढ्याची नाळ धरून खाली उतरावं हे तिथलं शहाणपण. इथं खोलगटात उतरू नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खळग्यांत साचतो, त्याला वास नसतो. वाऱ्यापासून आडोसा म्हणून घळीत पथारी टाकणारा माणूस सकाळी उठणार नाही. पावसाचं पाणी प्यायचं नाही. आणि उंचावरून नीट दिसेल म्हणून टेकाडावर चढून बसायचं, तर त्याचीही एक वेगळीच गंमत पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्या धुराच्या भिंतीपासून काही किलोमीटरवर पोचता, आणि कळतं की ज्याला आपण तोंड म्हणत होतो ती भेग आहे. जमीन सरळ रेषेत उसवली आहे. पहिल्या काही तासांत या रेषेवर सगळीकडून आग उसळत असते, सलग पडद्यासारखी. मग पडदा जागोजाग मिटतो आणि मोजक्या ठिकाणी कारंजी उरतात. त्यांतली काही शे-दोनशे मीटर उंच. आवाज स्फोटाचा नसतो. एकसारखा, न थांबणारा घरघराट असतो, जो कानांपेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. कारंज्यांतून पडणारे लगदे एकमेकांवर चिकटून भेगेच्या दोन्ही काठांना बांध घालतात, पाच-पंचवीस मीटर उंचीचे. या ज्वालामुखीचा डोंगर म्हणायचा तर एवढाच, आणि तोही पुढच्या एखाद्या लोटाखाली बुडणार आहे.

माणसांनी पाहिलेल्यांपैकी याच्या जवळ जाणारा उद्रेक आइसलंडच्या लाकीचा. 1783च्या जूनमध्ये तिथं 27 किलोमीटर लांबीच्या रेषेवर जमीन फाटली आणि आठ महिन्यांत चौदा घन किलोमीटरांहून जास्त लाव्हा आला. लाव्ह्यानं माणसं मेली नाहीत. वायूंनी गवत विषारी झालं, जनावरं गेली, मग दुष्काळ, आणि देशाची पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली. त्या वायूंचं निळसर धुकं युरोपभर पसरलं होतं. आता दख्खनचा हिशोब ऐका. इथला एकेक मोठा उद्रेक हजार घन किलोमीटरांच्या वरचा आहे, आणि असे उद्रेक एकावर एक होत राहिले. आज झिजून उरलेला कातळसुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते.

फेरी पुरी करायची तर भेगेचं टोक गाठायला हवं. तुम्ही दिवसभर तिच्याशी समांतर चालता. टोकाकडे आग नाही. जमिनीचा एक लांब पट्टा दोन्हीकडच्या तड्यांमध्ये हातभर खचलेला, आणि त्यातून वाफ येते आहे. खाली, पायाच्या सरळ रेषेत, वर न पोचलेला रस भिंतीसारखा उभा राहून थिजतो आहे. ती भिंत पुढे उघडी पडेल. धुळे-नंदुरबारच्या माळावर अशा शेकडो काळ्या भिंती, भूशास्त्रातले डाइक, आजूबाजूचा कातळ झिजल्यामुळे वर आलेल्या दिसतात. साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे जाणारी एक तर 79 किलोमीटर लांब आहे. महामार्गावरून जाताना त्या बांधासारख्या टेकड्यांकडे फारसं कुणी बघत नाही. बघायला हवं, असं माझं मत. सह्याद्रीच्या ज्वालामुखीचं तोंड पाहायचंच असेल तर ते असं, मिटलेलं आणि कडेनं उभं, खानदेशात पाहायला मिळतं. राजमाचीवर नाही.

टोकाला वळसा घातल्यावर तुम्ही लाव्ह्याच्या बाजूला येता. इथं चालणं अवघड होईल असं वाटलं होतं, कारण डोळ्यांसमोर आगीच्या नद्या होत्या. नद्या भेगेजवळ आहेत. दूरवर पोचणारा लाव्हा जवळजवळ दिसतच नाही. अकराशेहून जास्त अंश तापमानाचा रस हवेला लागला की त्यावर काळं कवच धरतं, आणि मग आतला रस त्या कवचाच्या पांघरुणाखाली ऊब न गमावता सरकत राहतो. पुढच्या कडेला कवच कुठंतरी फाटतं, एक लालभडक जीभ बाहेर येते, हात-दोन हात पसरते, काळी पडते. मग तिच्या आत मागून दाब येतो आणि ती तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते. फुगून फाटते, फटीतून दुसरी जीभ. या गतीच्या पुढे एखादी आजीबाईसुद्धा सहज चालत राहील. काच तडकल्यासारखा बारीक किणकिणाट सतत येत असतो. कवच थंड होताना चिरत असतं त्याचा तो आवाज.

टेकाडाची गंमत इथं होते. रात्र काढायला तुम्ही तीन-चार मीटर उंचीचा एक हिरवा उंचवटा पाहून त्यावर मुक्काम टाकता. वारा बाजूनं, चहूकडे नजर पोचते, जिभा अजून लांब. ढगांच्या पोटावर लाल उजेड आहे, टॉर्च लागत नाही. पहाटे जागे होता तेव्हा उंचवट्याला दोन्हीकडून जिभांनी वळसा घातला आहे. हरकत नाही, तुम्ही वर आहात. पण दुपारपर्यंत लक्षात येतं, की भोवतालचा काळा पृष्ठभाग तुमच्या पायांच्या पातळीला आला आहे. नवा लाव्हा वरून आलेला नाही. आधी आलेलाच आतून फुगतो आहे आणि आपलं अख्खं कवच उचलतो आहे. संध्याकाळी तुम्ही मान वर करून त्याच्याकडे बघता. काल जे टेकाड होतं तो आज खड्डा आहे, आणि खड्ड्यात काय साचतं ते आपण आधी बोललो.

निघायला हवं. कवचावरून. हवाईतल्या किलाउआवर शास्त्रज्ञांनी केलेली मोजमापं इथं उपयोगी पडतात. कवच दहा सेंटिमीटर जाड व्हायला दीड-दोन तास लागतात, दिवसभरात ते जेमतेम चाळीस सेंटिमीटर होतं, मीटरभर व्हायला आठवडा. म्हणजे कालची जीभ तुमचं वजन पेलेल, आजची नाही. रंग बघून ठरवायचं. ताज्या कवचाला चंदेरी झाक असते, जुनं काळपट. तुम्ही काठीनं ठोकत, जुन्यावरून जुन्यावर पाय टाकत निघता. बुटांचे तळ मऊ होतात. एका चिरेतून खाली नजर जाते आणि गुडघ्याएवढ्या खोलीवर केशरी उजेड दिसतो. पन्नास-साठ पावलं असतील. ती तुम्ही कशी टाकलीत ते कुणी पाहिलेलं नाही, ही एकट्यानं फिरण्यातली सोय.

पलीकडे माती लागते आणि मातीवर शेण. भला मोठा ढीग, फार जुना नाही. काडीनं उकललं तर आत पाल्याबरोबर गवतही दिसतं. हे साधं वाटतं, पण 2005 पर्यंत बहुतेक अभ्यासकांचं मत होतं की गवत डायनासोर गेल्यानंतर पसरलं. मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि ते मत सोडून द्यावं लागलं. त्याच परिसरात डोंगरगावला इसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. हा ढीग त्याच्याच गोतावळ्यातल्या कुणाचा असावा. मालक जवळपास नाही. लाव्ह्याची त्यालाही सवय असणार: नाकाला झोंबलं की दुसरीकडे चरायला जायचं.

अशी सवय होण्याइतका वेळ त्याच्याकडे होता. दख्खनचा ज्वालामुखी म्हटला की आपण लाखो वर्षं अखंड पेटलेली भट्टी डोळ्यांसमोर आणतो. चार दिवस थांबलात तर भट्टी दिसेल. चारशे वर्षं थांबलात तर बहुधा काहीच दिसणार नाही. दोन लोटांमध्ये कातळ कुजून माती व्हायला, तिच्यात झाडं रुजायला, तळी साचायला, तळ्यांत गोगलगायी आणि मासे यायला पुरेल इतकी शांतता असे. मग पुढचा लोट येई आणि ती माती भाजून लाल होई. घाटरस्त्यांवर, रेल्वेच्या बोगद्यांच्या तोंडाशी काळ्या कातळांमध्ये विटकरी रंगाचा जो पट्टा दिसतो, तो हा. काळा थर काही वर्षांचा, त्याखालचा हातभर लाल थर कदाचित काही हजार वर्षांचा. वेळ मोजायचा तर लाल मोजायला हवा, आणि आपण गडाची उंची काळ्यावरून सांगतो.

आता पुढे सरकू या. वाटेत मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला सुमारे दहा किलोमीटर व्यासाची उल्का आदळली तो दिवस लागेल, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. तिथं उतरायचं नाही. त्या दिवसाला प्रसिद्धी भरपूर मिळाली आहे. फक्त एवढं कानावर असू द्या, की डायनासोर उल्केनं मारले की दख्खननं, हा खटला अजून पूर्ण मिटलेला नाही. 2019च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी आपापली कालगणना मांडली. एकानं त्या लाल थरांतल्या झिरकॉन स्फटिकांवरून वय काढलं आणि सांगितलं, एक मोठा उमाळा उल्केच्या थोडाच आधीचा. दुसऱ्यानं काळ्या कातळातल्या फेल्डस्पारवरून काढलं आणि सांगितलं, बहुतांश लाव्हा नंतरचा. दोन्ही गटांनी नमुने याच घाटांतून नेले होते.

तुम्ही थेट आंबेनळीच्या काळात उतरा. भूशास्त्रज्ञांनी या थरांना आपल्याच गावांची आणि घाटांची नावं दिली आहेत. खालून वर येताना जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. कर्जत लोकलचं वेळापत्रक आणि एसटीचा फलक एकत्र केल्यासारखी यादी. वरचे लोट खालच्यांपेक्षा वेगळे आहेत. छोट्या जिभांच्या चळती कमी, सलग आणि जाड चादरी जास्त. त्यांतल्या काही चादरी जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून पूर्वेला सरकत पार राजमहेंद्रीपर्यंत, तेव्हाच्या समुद्रकाठापर्यंत गेल्या. हजार किलोमीटर. पृथ्वीवर माहीत असलेल्या लाव्हाप्रवाहांत सगळ्यांत लांब हेच. इथं प्रदक्षिणा विसरा. तुम्ही उभे आहात ते पठार एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओलांडायला महिनाभर लागेल आणि त्यात चढ असा लागणारच नाही. प्रतापगड या सगळ्याच्या आत आहे, मूर्तीसारखा, अजून कोरायचा.

मोठे डायनासोर आता नाहीत. उंदराएवढे सस्तन प्राणी झाडांवर आहेत. मध्ये एक दिवस पाऊस लागतो आणि तो पिण्यासारखा असतो.

यानंतरचं भरभर. 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास सेशेल्स सुटून जातं आणि पश्चिमेला पाणी शिरतं. मुंबईच्या जागी दलदली आहेत, त्यांत बोटभर बेडूक. त्यांचे सांगाडे पुढे वरळीच्या टेकडीत सापडतील आणि 1847 साली रिचर्ड ओवेन त्यांचं वर्णन छापेल. दख्खनची आग विझली असं आपण म्हणतो, पण विझलेलं काही नाही. भारत वरून सरकला, खालचा उष्ण स्रोत मागे राहिला. सरकत्या तळावर त्यानं डागण्यांची रांगच उठवली: लक्षद्वीप, सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी मालदीव, 4 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी छागोस, फार नंतर मॉरिशस, आणि शेवटी रेयुनियाँ. भारत तोवर उत्तरेला जाऊन आशियाला धडकला. मान्सून आला, आणि त्या सपाट पठाराच्या पश्चिम कडेला पाण्यानं कडे, सुळके, माच्या कापायला घेतल्या.

रेयुनियाँला तुम्ही आजच्या तारखेला उतरता. पितों द ला फुर्नेज. इथं एकदाचा डोंगर आहे, 2632 मीटरचा, पृथ्वीवरच्या सगळ्यांत जास्त पेटणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. बेलकोंबच्या खिंडीतून पायऱ्या उतरून कढईसारख्या खळग्याच्या तळाला जायचं. समोर फोर्मिका लिओ नावाचा लालसर बुटका शंकू, 1753 सालचा. तिथून पुढे नुसता गोठलेला लाव्हा आणि त्यावर वाट दाखवणारे पांढऱ्या रंगाचे ठिपके. धुकं उतरलं की पुढचा ठिपका दिसेपर्यंत थांबायचं. पायाखालच्या वळ्या, फुगे, उचलली गेलेली कवचं तुम्हाला आता ओळखता येतात. पूर्वी वरच्या विवरांच्या काठानं फेरी मारता यायची. 2007च्या एप्रिलमध्ये डोलोमियू विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला आणि आता वाट काठावरच्या सज्जाशी संपते. एकटे असाल तर पहाटेच निघा, दहानंतर ढग वर चढतात.

ज्वालामुखी हलायला लागला की खिंडीतलं फाटक लावून टाकतात. मग पूर्वेकडचा किनाऱ्याचा रस्ता धरायचा. 1977 साली त्या बाजूच्या पितों सेंत-रोझ गावात लाव्हा शिरला आणि चर्चच्या दारापाशी येऊन दोन्हीकडून निघून गेला. चर्च आजही वापरात आहे. थोडं दक्षिणेला रस्ताच लाव्ह्याच्या उतरणीवरून जातो. मोठा लोट आला की तो डांबरावरून वाहत समुद्रात पडतो, पुढे तो पुरेसा थंड झाला की सरकार त्याच्याच पाठीवर नवं डांबर टाकतं आणि वाहतूक सुरू होते.